जुन्या अमेरिकन कॉलेज-प्रशिक्षकाची कारकीर्द कशी तपासावी आणि कशी लिहावी

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील महाविद्यालयांत खेळ शिकवणाऱ्या एखाद्या प्रशिक्षकावर मराठीत नोंद किंवा लेख लिहायला घेतला, की सर्वांत आधी हाती लागतो तो विजय, पराभव आणि बरोबरी या तीन आकड्यांचा ठोकळा. एमोस अलोंझो स्टॅग यांच्या नावापुढे तो ३१४–१९९–३५ असा दिलेला असतो. पुष्कळ लेखक हा ठोकळा उचलतात, त्याला जन्म-मृत्यूच्या तारखा जोडतात, दोन-चार विशेषणे लावतात आणि हात झटकतात. असा लेख चुकीचा ठरत नाही. पण त्या माणसाने पन्नासहून अधिक वर्षे नेमके काय केले, कोणाच्या पगारावर केले आणि कोणत्या नियमांखाली केले, यांतले काहीच वाचकाच्या पदरात पडत नाही. पुढे स्टॅग यांचेच उदाहरण धरून कारकीर्द तपासण्याची रीत सांगितली आहे आणि जॉन हाइझमन व ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर हे त्यांचे समकालीन जिथे कामी येतात तिथे त्यांनाही घेतले आहे. फुटबॉल हा शब्द येथे सर्वत्र अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे.

पहिले काम: मोसमवार तक्ता

लिहायला बसण्यापूर्वी एक तक्ता तयार करावा आणि त्यात प्रत्येक मोसमाला स्वतंत्र ओळ द्यावी. ‘१८९२ ते १९३२, शिकागो’ अशी एकच ओळ घातली, तर चाळीस वर्षांतले चढउतार तिच्याखाली दडपले जातात. तक्त्यात वर्ष, संस्थेचे त्या वेळचे नाव, खेळ, पद आणि निकाल एवढे रकाने असले म्हणजे पुरे. फुटबॉलचा मोसम शरद ऋतूत सुरू होऊन नोव्हेंबरअखेरीस संपत असल्याने त्याला एकच वर्ष लावतात. बास्केटबॉलचा मोसम हिवाळ्यात दोन वर्षांना जोडून येतो, म्हणून तो १९२०–२१ असा लिहितात. हा भेद सुरुवातीलाच पाळला नाही, तर पुढे सगळे आकडे एकेका वर्षाने सरकतात आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात दिवस जातो.

स्टॅग यांचा तक्ता साधारण असा भरतो. १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठात ते बेसबॉलचे नावाजलेले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, होते आणि १८८९ च्या पहिल्या अखिल-अमेरिकन फुटबॉल संघात, म्हणजे देशभरातील उत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्यांची निवड झाली. १८९० आणि १८९१ या दोन मोसमांत ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात शिकवत होते. त्यानंतर १८९२ पासून १९३२ पर्यंत शिकागो विद्यापीठात एक्केचाळीस मोसम आणि १९३३ पासून १९४६ पर्यंत कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये चौदा मोसम त्यांनी काढले. पुढे पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात मुलाच्या जोडीने त्यांनी आणखी काही वर्षे काम केले आणि १७ मार्च १९६५ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, स्टॉकटन येथे त्यांचे निधन झाले.

खेळाचा रकाना स्वतंत्र ठेवायला सांगितले, त्याला कारण आहे. त्या काळचा प्रशिक्षक एकाच खेळाचा क्वचितच असे. स्टॅग यांनी शिकागोत फुटबॉलबरोबर बेसबॉल आणि धावण्या-फेकण्याच्या मैदानी स्पर्धांचे संघ सांभाळले, १९२०–२१ मध्ये एक मोसम बास्केटबॉलही शिकवला आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या धावपटूंच्या प्रशिक्षकांत ते होते. बास्केटबॉलशी त्यांचा संबंध तर त्या खेळाच्या बारशापासूनचा आहे. स्प्रिंगफील्डमध्ये त्यांच्याच फुटबॉल संघात खेळणाऱ्या जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात बसवला आणि ११ मार्च १८९२ रोजी तो पहिल्यांदा लोकांसमोर खेळला गेला, तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५–१ असे हरवले. शिक्षकांचा तो एकमेव गोल स्टॅग यांचा होता. (मद्रासला १९२० मध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण विद्यालय सुरू करणारे आणि १९२४ मध्ये भारतीय संघासोबत पॅरिसला गेलेले हॅरी क्रो बक हेही याच स्प्रिंगफील्डचे विद्यार्थी. आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणाचा एक धागा असा त्या विद्यालयापर्यंत जातो.)

वॉर्नर यांच्या बाबतीत तर एकाच वर्षाला दोन ओळी द्याव्या लागतात. १८९५ मध्ये त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरात आयोवातील कृषी महाविद्यालयाचा संघ तयार केला आणि लगेच जॉर्जिया विद्यापीठाची जबाबदारी घेतली. तक्ता संस्थांनुसार केला, तर ही गोष्ट लक्षातही येत नाही.

संस्थांची नावेही त्या-त्या वर्षाची लिहावीत. हाइझमन १८९५ मध्ये जिथे रुजू झाले, ती संस्था आज ऑबर्न विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. त्या वेळी मात्र ते अलाबामाचे कृषी व यांत्रिकी महाविद्यालय होते. जुन्या वृत्तपत्रांत शोध घेताना आजचे नाव घातले, की निम्म्या बातम्या सापडतच नाहीत.

नेमणूक पाहिल्याशिवाय निकाल पाहू नये

माझ्या मते, हीच सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. १८९० च्या दशकात अमेरिकन कॉलेजांचे बहुतेक संघ कर्णधाराच्या हुकमतीखाली चालत. प्रशिक्षक म्हणजे बहुधा माजी खेळाडू. तो हंगामापुरता येई, विद्यार्थ्यांच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या क्रीडामंडळाकडून मानधन घेई आणि नोव्हेंबर संपला की आपल्या मूळ व्यवसायाकडे परते. अशा माणसाचा दोन वर्षांत संघ बदलणे हे अपयशाचे लक्षण नव्हते. व्यवसायाची घडीच तशी होती.

स्टॅग यांची नेमणूक या घडीबाहेरची होती. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे पूर्वी येलला प्राध्यापक होते आणि स्टॅग यांना तिथपासून ओळखत होते. १८९२ मध्ये विद्यापीठाचे दरवाजे उघडले, तेव्हा त्यांनी स्टॅग यांना वार्षिक २,५०० डॉलर पगारावर सहयोगी प्राध्यापक आणि शारीरिक शिक्षण विभागाचे संचालक म्हणून नेमले, तेही कायम. नोकरी कायम असल्यामुळे एखादा मोसम वाईट गेला म्हणून कोणी त्यांना घरी पाठवू शकत नव्हते, आणि विभाग हातात असल्यामुळे मैदान, खर्च, सामन्यांचे वेळापत्रक, सगळे त्यांच्याकडे होते. एक्केचाळीस मोसमांचे स्पष्टीकरण त्यांच्या स्वभावात शोधण्याआधी या कागदात शोधावे.

शेजारी हाइझमन यांचा तक्ता ठेवला, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेला हा गृहस्थ १८९२ ते १९२७ या काळात ओबर्लिन, बुक्टेल, ऑबर्न, क्लेम्सन, जॉर्जिया टेक, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन अँड जेफरसन आणि राइस अशा आठ संस्थांत फिरला, आणि मोसम नसे तेव्हा नाटक कंपन्यांतून कामे करत असे. जॉर्जिया टेकमध्ये १९०४ ते १९१९ असे सलग सोळा मोसम त्यांनी काढले, १९१७ मध्ये अजिंक्य संघ दिला आणि तरी ते गाव सोडले. कारण घरगुती होते. पत्नीपासून विभक्त होताना दोघांनी एकाच शहरात राहायचे नाही असे ठरले, पत्नीने अटलांटा निवडले आणि हाइझमन फिलाडेल्फियाला गेले. नुसत्या निकालांवरून असा बदल समजून घेण्याचा प्रयत्न केला, तर हमखास खोटे कारण लिहिले जाते.

नेमणुकीचा परिणाम निकालांच्या रकान्यातही उतरतो. १९०५ च्या मोसमात खेळाडूंच्या मृत्यूंमुळे देशभर ओरड झाली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले आणि मध्यपश्चिमेच्या वेस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठ-संघांच्या संघटनेने, म्हणजे पुढच्या बिग टेनने, १९०६ मध्ये सामन्यांची संख्या पाचावर आणली. त्याच वेळी प्रशिक्षक हा संस्थेचा नियमित अध्यापक असावा, अशी अटही घातली. स्टॅग आधीपासूनच अध्यापक होते, त्यामुळे त्यांना ही अट अडचणीची नव्हती. मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट हंगामापुरते येणारे होते, आणि या सुधारणांवरून बिनसून मिशिगनने काही वर्षे कॉन्फरन्सच सोडली. स्टॅग यांच्या तक्त्यात १९०६ ला एकदम कमी सामने दिसतात ते यामुळे.

आकड्यांची बेरीज आणि बरोबरीचा प्रश्न

आता त्या ठोकळ्याकडे वळावे. एकूण आकडा कधीही अखंड स्वीकारू नये. त्याचे संस्थावार तुकडे मिळवून स्वतः बेरीज करावी. स्टॅग यांचे तुकडे असे आहेत: स्प्रिंगफील्ड १०–११–१, शिकागो २४४–१११–२७, पॅसिफिक ६०–७७–७. विजय ३१४, पराभव १९९, बरोबरी ३५, हिशेब जुळतो. या बेरजेतून दोन गोष्टी आपोआप कळतात. सस्क्वेहानाची वर्षे यात धरलेली नाहीत. शिवाय पॅसिफिकमध्ये विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत, म्हणजे सत्तरीनंतरच्या चौदा मोसमांनी एकूण विजयांत साठाची भर घातली खरी, पण टक्केवारी खाली ओढली. बरोबरीला अर्धा विजय धरण्याच्या प्रचलित पद्धतीने शिकागोची टक्केवारी सुमारे ६७ आणि पॅसिफिकची सुमारे ४४ येते. हे दोन आकडे वेगळे दिले, तर वाचकाला कारकिर्दीचा आकार दिसतो. एकत्रित साठ टक्क्यांतून तो दिसत नाही.

हाइझमन यांच्या विजयांचा आकडा कुठे १८५, तर कुठे १८६ आढळतो. असे झाले, की एखादा आकडा आवडला म्हणून निवडू नये. सुरुवातीच्या वर्षांत व्यायामशाळांचे संघ, वैद्यकीय महाविद्यालये, प्रसंगी शाळाही प्रतिस्पर्धी असत, आणि असे सामने अधिकृत धरायचे की नाही यावर मोजणाऱ्यांचे एकमत नसते. वर्षवार तक्ता हाती असला, तर फरक कोणत्या मोसमात आहे ते दाखवता येते. नसला, तर दोन्ही आकडे द्यावेत.

बरोबरीचा रकाना अनेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळेचा नियम सर्वत्र लागू झाला तो १९९६ मध्ये. त्याआधी बरोबरी हा सामन्याचा रीतसर निकाल होता. १९२४ चा शिकागोचा मोसम पाहावा. आठ सामन्यांत चार विजय, एक पराभव आणि तीन बरोबरी, म्हणजे वरवर पाहता बेताचीच कामगिरी. पण तो एकमेव पराभव कॉन्फरन्सबाहेरच्या मिसुरीकडून ०–३ असा झालेला होता. कॉन्फरन्समध्ये तीन विजय आणि तीन बरोबरी असा संघ अपराजित राहिला आणि अजिंक्यपद त्यालाच मिळाले. त्या तीन बरोबऱ्यांतली एक गाजलेले खेळाडू रेड ग्रेंज यांच्या इलिनॉयशी ८ नोव्हेंबर रोजी झालेली २१–२१ अशी. शिकागोचे हे सातवे आणि शेवटचे कॉन्फरन्स-विजेतेपद होते. केवळ विजयांच्या संख्येवर लक्ष ठेवणारा लेखक या मोसमाला एका ओळीत उडवून लावील.

त्या वर्षी कोणता नियम होता

या काळात खेळाचे नियम जवळजवळ दर दोन-तीन वर्षांनी बदलत होते. म्हणून प्रत्येक मोसमापुढे गुणपद्धती टिपून ठेवावी. स्टॅग शिकागोला आले तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, ४ गुण आणि त्यानंतर गोलवर मारायच्या किकला २ गुण होते. १८९८ पासून ते ५ आणि १ झाले. १९१२ पासून टचडाउन ६ गुणांचा झाला. फील्ड गोल, म्हणजे खेळ चालू असताना लाथेने केलेला गोल, ५ वरून १९०४ मध्ये ४ वर आणि १९०९ मध्ये ३ वर आला. चेंडू पुढच्या दिशेने फेकणे, म्हणजे फॉरवर्ड पास, १९०६ पर्यंत नियमबाह्य होते. १९१२ मध्ये दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले.

नियम हाताशी असले, म्हणजे गुणफलक बोलू लागतो. ३० नोव्हेंबर १९०५ रोजी शिकागोने मिशिगनला २–० असे हरवले. योस्ट यांचा मिशिगन संघ १९०१ पासून सलग ५६ सामने हरला नव्हता आणि त्या काळात त्याने २,८२१ गुण करून फक्त ४० दिले होते. सुमारे सत्तावीस हजार प्रेक्षकांपुढे दोन्ही संघांनी एकमेकांना अडवून धरले. अखेर शिकागोच्या वॉल्टर एकरसॉल यांनी उंच लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या खेळाडूने आपल्याच गोलरेषेमागे झेलला, तो घेऊन बाहेर पडण्याचा त्याने प्रयत्न केला आणि शिकागोच्या खेळाडूंनी त्याला पुन्हा रेषेमागे लोटून पाडले. त्याचे गुण दोन, आणि तेवढ्यावर सामना संपला. पुढे फेकण्याला बंदी असलेल्या खेळात लाथेने चेंडू दूर धाडून प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात कोंडणे हेच मोठे हत्यार होते. स्टॅग यांनी त्या दिवशी ते पुरेपूर वापरले. नियम न सांगता ‘२–० असा निसटता विजय’ एवढेच लिहिले, तर त्या दुपारचे मर्म हरवते.

याच्या दुसऱ्या टोकाला हाइझमन यांचा ७ ऑक्टोबर १९१६ चा सामना आहे, ज्यात जॉर्जिया टेकने टेनेसीतील कंबरलँडच्या संघाला २२२–० असे झोडपले. ३२ टचडाउनचे १९२ आणि ३० किकचे ३०, अशी ही बेरीज आहे. १९०५ च्या नियमांनी तीच कामगिरी १९० गुणांची झाली असती. पण हा आकडा क्रूरपणाचा नमुना म्हणून सांगण्याआधी तक्त्यातला बेसबॉलचा रकाना पाहावा. त्याच वर्षी कंबरलँडने टेकला बेसबॉलमध्ये २२–० असे हरवले होते, त्या संघात व्यावसायिक खेळाडू घातल्याचा संशय होता, आणि टेकच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षकही हाइझमनच होते. कंबरलँडने तोवर फुटबॉल बंद केला होता. तरीही सामना न खेळल्यास ३,००० डॉलर दंड भरावा लागेल, या करारामुळे त्यांना जमवाजमव करून यावे लागले. नुसत्या गुणांवरून संघांची क्रमवारी लावणाऱ्या वार्ताहरांना हाइझमन यांना धडा द्यायचा होता, असेही सांगितले जाते, आणि ते त्यांच्या स्वभावाला धरून आहे.

साधने आणि त्यांचे सापळे

तारीख आणि निकाल यांसाठी त्या वेळची वृत्तपत्रे पाहावीत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वृत्तपत्रे जालावर मोफत ठेवली आहेत. प्रत्येक मोठ्या सामन्याची बातमी दोन्ही गावांच्या पत्रांतून वाचावी, कारण घरच्या संघाचे कौतुक तेव्हाही सढळ हाताने होत असे. संघातील नावे आणि छायाचित्रे यांसाठी महाविद्यालयांची वार्षिके, नियमांसाठी स्पॉल्डिंग कंपनीची दरसालची फुटबॉल-पुस्तिका आणि स्टॅग यांच्यापुरते शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयातील त्यांचे स्वतःचे कागदपत्र, ही साधने विश्वासार्ह आहेत. शोधताना दोन अडथळे येतात. १९०५ चा सामना ज्या मैदानावर झाला, त्याचे नाव तेव्हा जमीन देणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावावरून मार्शल फील्ड असे होते, त्यामुळे मैदान शोधताना त्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या जाहिरातीच अधिक निघतात. पुढे त्याला स्टॅग फील्ड हे नाव मिळाले, पण तेही निर्धास्तपणे शोधता येत नाही, कारण २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच्याच पश्चिमेकडील प्रेक्षागृहाखाली अणुविखंडनाची पहिली नियंत्रित साखळी-प्रक्रिया घडवली गेली आणि या नावाखाली भौतिकशास्त्राचा डोंगर उभा राहिला आहे. शोध १९३२ पर्यंत मर्यादित करावा.

‘अमुक गोष्ट पहिल्यांदा यांनीच केली’ अशा विधानांबाबत हात आखडता ठेवावा. स्टॅग यांच्या नावावर डावपेचांपासून साहित्यापर्यंत अनेक शोध जमा आहेत. त्यांतले काही इतरांच्या नावावरही आहेत. फॉरवर्ड पासला मान्यता मिळावी म्हणून हाइझमन यांनी पाठपुरावा केला हे खरे, पण नियम केला तो समितीने, आणि त्याखालचा पहिला पास ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधील वॉकेशा येथे सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सन यांनी फेकला, ज्यांचे प्रशिक्षक एडी कोकेम्स होते. श्रेय असे वाटूनच लिहावे.

गैरसोयीच्या गोष्टीही तक्त्यात असाव्यात. वॉर्नर यांची कीर्ती ज्या कार्लाइल संस्थेत वाढली, ती मूळ अमेरिकन जमातींच्या मुलांची भाषा आणि चालीरीती पुसण्यासाठी सरकारने चालवलेली शाळा होती, आणि १९१४ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, चौकशीत तिथल्या खेळाडूंनीच वॉर्नर यांच्या वागणुकीविरुद्ध आणि पैशांच्या व्यवहारांविरुद्ध जबान्या दिल्या. डावपेचांचे कौतुक करून हा भाग वगळणे म्हणजे अर्धी कारकीर्द लिहिणे होय.

शेवटची वर्षे आणि विक्रमाचे वाक्य

उतरती वर्षे घाईने उरकू नयेत. शिकागोने सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना निवृत्तीच्या नियमावर बोट ठेवून बाजूला केले, तेव्हा दिलेले शोभेचे काम नाकारून ते स्टॉकटनला गेले आणि १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, देशातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. त्या मोसमाच्या ओळीपुढे मात्र एक टीप हवी: युद्धकाळात नौदलाची प्रशिक्षण योजना पॅसिफिकमध्ये होती आणि तिच्यामुळे एरवी तिथे कधी न आलेले खेळाडू संघाला मिळाले. इकडे शिकागोने १९३९ च्या मोसमानंतर मोठ्या स्पर्धांतला फुटबॉलच बंद केला, हेही याच पानावर नोंदवावे.

विक्रमाचे वाक्य सर्वांत शेवटी आणि वर्षासकट लिहावे. स्टॅग यांचा ३१४ विजयांचा विक्रम अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी २८ नोव्हेंबर १९८१ रोजी ३१५ वा विजय मिळवून मोडला आणि १९८५ मध्ये ग्रँबलिंगचे एडी रॉबिन्सन ब्रायंट यांच्याही पुढे गेले. वॉर्नर यांच्या विजयांची मोजणी वेगवेगळ्या यादींत वेगवेगळी असल्याने काही याद्यांत ते स्टॅग यांच्याही वर दिसतात. म्हणून ‘सर्वाधिक विजय मिळवणारे’ असे न लिहिता कोणत्या यादीनुसार आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे त्याच वाक्यात घालावे.